पाणकणसातले बिटर्न, क्रेक, रेल दिसतात कसे?

पाणथळवेडा
पाणथळ अभयारण्यात पाणकणसाच्या (पाण्यात वाढणाऱ्या उंच गवतासारख्या झाडांच्या) दाटीतून आवाज खूप येतात, पक्षी मात्र दिसत नाहीत. सकाळी 8 ते 10 मनोऱ्यावर बसलं की लाजरी पाणकोंबडी आणि जांभळी पाणकोंबडी, बस. यलो बिटर्न (छोटा बगळ्याच्या कुळातला), बेलन्स क्रेक, वॉटर रेल (दोन्ही पाणकोंबडीच्या कुळातले) बघायचे तर वेळ आणि जागा कशी ठरवायची? 8×42 दुर्बीण आहे, स्कोप (तिपाईवरची मोठी एकनळी दुर्बीण) नाही.

काठावरून
8 म्हणजे फार उशीर. उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेलं असावं, नाहीतर मावळतीचा शेवटचा तास धरा.

मनोरा तळ्यातल्या बदकांसाठी चांगला, पण वरून पाणकणसाचे नुसते शेंडे दिसतात आणि हे पक्षी वावरतात बुडाशी. पाणी ओसरून जिथे हात-दोन हात चिखल उघडा पडलाय, ती कड शोधा. क्रेक आणि रेल तिथे किडे, गोगलगायी टिपायला येतात. पाणी पुन्हा चढलं की ती कड बुडते आणि पक्षी आत सरकतात, म्हणून मागच्या महिन्यातली जागा आज रिकामी निघू शकते. दर वेळी आधी पाण्याची पातळी बघा.

ऊन पाठीशी घ्या, अंतर 20-30 मीटर ठेवा. दुर्बीण त्या कडेवर आधीच फोकस करून ठेवायची, कारण पक्षी दोन-तीन सेकंदांत एका फटीतून दुसरीत जातो आणि आपण चाक फिरवत राहतो. एका फटीला निदान 40 मिनिटं द्या. सारखी जागा बदलल्यानेच बहुतेकांना काही दिसत नाही. स्कोप नसल्याने काही अडत नाही.

देवनळ
वारा असेल तर घरीच थांबा. सगळेच दांडे हलतात, पक्ष्याची हालचाल कळत नाही. निवांत हवेत एखादाच दांडा थरथरला तर नजर त्याच्या बुडाशी न्या. यलो बिटर्न बहुधा पाण्याच्या जरा वर, दोन पायांत दांडे धरून असतो. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून ताठ होतो. उडाला तर पंख बघा: पाठ फिकट आणि पंखांची मागची कड व टोकं काळी म्हणजे यलो, सगळा पंख एकसारखा तांबूस म्हणजे सिनॅमन बिटर्न.

बेलन्स क्रेक चिमणीहून थोडाच मोठा, पाय हिरवट, पाठीवर पांढरे फराटे. पाय लाल असतील तर रडी-ब्रेस्टेड क्रेक. वॉटर रेलची चोच लांब, क्रेकची आखूड.

पाणथळवेडा
मोबाइलवर आवाज वाजवून बाहेर काढता येतील का?

काठावरून
अजिबात नको. हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून पक्षी बाहेर येतो, विणीच्या काळात घरट्यावरून उठतो आणि अंडी-पिल्लं उघडी पडतात. पाणकणसात शिरून हाकणंही तितकंच वाईट. घरटी दांड्यांनाच बांधलेली असतात. आवाज नुसता ऐका: तो कुठल्या टापूतून येतोय हे कळलं की त्याच्या जवळची चिखलाची कड निवडा.