गायतोंडेंच्या चित्रातला रंग नक्की आला कुठून?

पिवळीमाती:
लोकहो, अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंची चित्रं हल्ली डोक्यातून जात नाहीयेत. लिलावातले कोटींचे आकडे सोडा, मला त्यात रस नाही. पण हा माणूस एकदम त्या धूसर पिवळ्या-तांबड्यापाशी थोडाच पोचला असेल? जेजेत, म्हणजे मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजात, तर आधी मॉडेल बसवून नाक-डोळे काढायला शिकवतात. मग सुरुवातीला कुणाचा प्रभाव होता? जिथे वाचावं तिथे तो न्यूयॉर्कचा अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्को, रॉथ्को रॉथ्को, मला काही पटत नाही.

रेघोट्या:
लघुचित्रं बघ आधी, म्हणजे आपली जुनी, छोट्या आकाराची बारीक कामाची चित्रं. गिरगावच्या चाळीत वाढलेला मुलगा, जेजेचा डिप्लोमा १९४८ चा, आणि त्या काळात जेजेत अहिवासी सरांचा भारतीय चित्रकलेचा वर्ग होता, म्हणजे हे सगळं हाताशीच. त्यातली जम्मूकडची बसोहली शैली बघितलीयस का कधी? मागची जागा सपाट पिवळीजर्द, सावली नाही काही नाही, भोवती लालभडक पट्टी, आणि दागिन्यातल्या पाचूच्या जागी चक्क भुंग्याच्या पंखांचे हिरवे तुकडे चिकटवलेले! आता त्यात राधाकृष्ण असतात म्हणून आपण गोष्ट वाचत बसतो आणि पिवळा राहून जातो. गायतोंडेंनी स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितलंय की लघुचित्रांची नक्कल करत होतो, रंग नीट बघायचे तर आकृत्या आड यायला लागल्या, म्हणून त्या सोडल्या. मला तर यातच सगळं उत्तर दिसतं. आकृती गेली ती रंगापायी, अमूर्त काढायचंय असं ठरवून नाही.

कॅनव्हासवाला:
+१, पण युरोपातला चित्रकार पॉल क्ले राहिला की. पन्नासच्या दशकातली सुरुवातीची कामं बघा, बारीक रेघेतली माणसं आणि खाली रंगाचे तुकडे, सरळ सरळ क्ले दिसतो. क्लेचंही तसंच, आधी रेघेचा माणूस, १९१४ ला ट्युनिसियाला गेला आणि रंगाने जो धरला तो धरलाच.

पिवळीमाती:
भुंग्याचे पंख!! हे माहीतच नव्हतं. मग रॉथ्कोचं काय, अगदीच बाद?

रेघोट्या:
बाद नाही रे, पण तारखा बघ ना. गायतोंडे रॉकफेलर फेलोशिपवर रॉथ्कोच्या न्यूयॉर्कला गेले १९६४ ला. आकृत्या त्याच्या आधीच, पन्नासचं दशक संपता संपता गेलेल्या.

कॅनव्हासवाला:
हो, आणि हात पण वेगळा आहे. रॉथ्को ब्रशने पातळ रंग चढवत जातो. गायतोंडे रोलर फिरवायचे, पॅलेट नाइफने रंग खरवडायचे, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, त्यामुळे खालचा थर मधेच कुठेतरी वर डोकावतो. फोनवर हे घंटा दिसत नाही, सगळं एकच पिवळं. मुंबईत असशील तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रं आहेत, पण तिथली मांडणी बदलत असते, आधी चौकशी करून जा. आणि गेलास की बाजूला उभं राहून तिरकं बघ, पुढून बघून थर कळत नाहीत.