मदत हवी आहे: टोमॅटोची पाने द्रोणासारखी वळत आहेत

वाफा_१७
तीन वर्षे यादीत थांबल्यावर या जानेवारीत इंग्लंडमधील लेस्टरमध्ये अलॉटमेंटचा (भाजीपाला लावण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या सार्वजनिक जमिनीचा) अर्धा तुकडा, म्हणजे साधारण १२५ चौरस मीटर जमीन, मला मिळाली. टोमॅटो, बटाटा आणि फरसबी या तिन्हींची कोवळी पाने द्रोणासारखी वळली असून शेंडे नेच्याच्या कोंबासारखे गुंडाळले आहेत. मका मात्र ठणठणीत आहे. पाणी आणि ऊन व्यवस्थित आहे, त्याविषयी कृपया विचारू नये. मी शनिवारी जाणार आहे, तेव्हा कोणते औषध फवारावे एवढेच सांगावे.

गच्चीवरची_बाग
हा चुरडा-मुरडाच, म्हणजे पाने आकसवणारा रोग आहे. पुण्यात माझ्या मिरचीवर पांढऱ्या माशीमुळे दरवर्षी येतो. दर आठ दिवसांनी निंबोळी अर्क फवारावा.

कपाशीवाला
ताई, तीन निरनिराळ्या पिकांवर एकाच वेळी चुरडा-मुरडा यावा आणि जागेवर माशीही दिसू नये, हे पटत नाही. आमच्या जळगावकडे शेजारच्या शेतातील २,४-डी वाऱ्याने कपाशीवर आले, की पाने भेंडीच्या पानांसारखी होतात. अशी तणनाशके रुंद पानांची पिके बिघडवतात आणि मक्यासारखी गवतवर्गीय पिके सोडतात. धागाकर्त्यांनी तणनाशक वापरले आहे काय?

वाफा_१७
अजिबात नाही. खत सोडून मातीत काहीही घातलेले नाही.

मिडलँड्स_मावशी
कोणते खत, कोठून आणले आणि किती घातले?

वाफा_१७
फाटकाशी फुकट ठेवलेल्या ढिगातून घोड्याच्या लिदीच्या चार ढकलगाड्या मार्चमध्ये घातल्या. येथे सगळेच घालतात, म्हणून लिहिले नाही.

मिडलँड्स_मावशी
मग फवारणीचा प्रश्नच उरत नाही. कुरणातील रुंद पानांचे तण मारण्यासाठी अमिनोपायरालिड वापरतात. ते गवतात मुरते, घोड्याच्या पोटातून जसेच्या तसे बाहेर पडते आणि लिदीच्या ढिगात दीर्घकाळ टिकते. अशाच तक्रारींमुळे २००८ मध्ये ब्रिटनने त्याची परवानगी स्थगित केली होती. २००९ मध्ये ती कडक अटींवर परत दिली. खात्रीसाठी तीन कुंड्यांत लीद मिसळलेली आणि तीन कुंड्यांत साधी माती भरून फरसबीचे बी लावावे. ही रोपे कंपोस्टमध्ये मुळीच टाकू नयेत.

गच्चीवरची_बाग
म्हणूनच मी म्हणते, की देशी गाईच्या शेणाचे जीवामृत वापरावे.

कपाशीवाला
त्या गाईने तोच चारा खाल्ला, तर शेणातही तेच उतरेल, ताई.

हौशी_माळी
अलॉटमेंटवर कोंबड्या पाळता येतात. १९५० च्या कायद्यात तशी मुभा आहे. मेथी मात्र एप्रिलनंतर पेरावी.

वाफा_१७
कोंबड्यांविषयी मी विचारलेले नाही. मावशी, सर्व उपटून टाकू का?

मिडलँड्स_मावशी
आधी कुंड्यांचा निकाल पाहावा. मातीतील जिवाणू हे रसायन हळूहळू मोडतात, त्यामुळे जमीन अधूनमधून खणून उलटी करावी आणि तेथे पुढे मकाच लावावा.

वाफा_१७
तीन आठवड्यांनी लिहीत आहे. साध्या मातीतील रोपांची पाने सपाट आहेत, लिदीच्या तिन्ही कुंड्यांतील तिसऱ्या पानापासून गोळा झाली आहेत. फाटकावर सूचना लावली आहे. तरीही काल एक आजोबा त्याच ढिगातून ढकलगाडी भरत होते आणि पाने उन्हामुळेच वळतात, असे मलाच समजावत होते.