मदत हवी आहे: मंडळाच्या काकांचा सत्कार कसा करावा?

नमस्कार मंडळी, आमच्या कबड्डी मंडळात एक काका आहेत, स्वतः कधी मोठे खेळाडू नव्हते पण माती चाळायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, १३ बाय १० मीटरचं मैदान आखायचं, गुणलेखन, बाहेरगावच्या पोरांची जेवणं, सगळं वर्षानुवर्ष त्यांच्याच अंगावर. आता गुडघे गेलेत तरी थांबत नाहीत. १५ जुलैला बुवा साळवींच्या जयंतीला, म्हणजे कबड्डी दिनालाच, त्यांचा सत्कार करायचा ठरलंय. बुवाही कबड्डीचे संघटकच ना, म्हणून हाच दिवस.

आता अडचण अशी की शाल-श्रीफळ नको असं काहींचं म्हणणं (मलाही पटतं, नारळाची बर्फी होते आणि शाल कपाटात), थैली दिली तर काका ती मंडळाच्या मॅटच्या फंडातच टाकणार हे नक्की, आणि स्टेजवर बोलावलं की हा माणूस मागच्या दाराने चहा सांगायला पळतो! तुमच्याकडे कार्यकर्त्यांसाठी काय केलंत? त्यांच्या नावाने दरवर्षी कार्यकर्ता पुरस्कार ठेवावा का? आणि राज्य सरकारच्या शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारासाठी अशा कार्यकर्त्याचा प्रस्ताव आता पाठवता येतो का, येत असेल तर कागदपत्रं काय लागतात? जुनी कात्रणं, स्पर्धेच्या पत्रिका एवढंच आहे आमच्याकडे.