प्रति: शेवटी राहिलं की दम वाचतो?

सायकल शर्यतीत दम वाचवायचा तर 'घोळक्याच्या अगदी मागे राहा, वारा लागत नाही' असा सल्ला वर कुणीतरी दिलाय, तो अर्धाच खरा आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमीच्या वेगात बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, त्यामुळे कुणाच्या तरी चाकामागे राहणं फायद्याचंच. पण शंभर-दीडशे जणांत शेपटीला असाल तर वळणावळणाला मार खाता. पुढचे जेमतेम ब्रेकला बोट लावून वळतात. तोच वेग मागे येईपर्यंत पार बसतो. तोवर पुढचे सुटलेले असतात आणि तुम्ही सीटवरून उठून, जीव खाऊन ती फट भरता. अशी वीस वळणं झाली की चढ यायच्या आधीच पाय बोलायला लागतात.

आडवा वारा सुटला तर आणखी पंचाईत. आडोसा तिरका मिळतो, रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढेच त्यात बसतात. बाकीचे कडेला एकामागे एक, उघड्यावर. एकाने पुढच्याचं चाक सोडलं, म्हणजे मध्ये फट पडू दिली, की त्याच्या मागचे सगळेच गेले. २०१३ च्या टूर द फ्रान्सच्या तेराव्या टप्प्यात पिवळी जर्सी घातलेला, म्हणजे शर्यतीत एकूण आघाडीवर असलेला ख्रिस फ्रूमसुद्धा असाच पुढच्या गटापासून तुटला आणि मिनिटभराहून जास्त गमावून बसला. तिथे आपली काय कथा!

तेव्हा जागा पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात धरा. फक्त पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक नेऊ नका. तो जरा सरकला तर पडाल तुम्ही, तो नाही.