पाडकामाआधी आजोबांच्या घराचं अंगण मेटल डिटेक्टरने शोधावं का?

परसदार (धागा सुरू करणारा):

आमचं जुनं घर पुढच्या वर्षी पाडायचं ठरलं आहे. चार पिढ्या तिथे नांदल्या, शेवटची दहा वर्षं दाराला कुलूप आहे. एकदा जेसीबी अंगणात शिरला की मातीत जे काही असेल ते राडारोड्याबरोबर उचललं जाणार आणि कुठल्यातरी भरावात पडणार. म्हणून मी मेटल डिटेक्टर घेतला आहे. पाडकामाच्या आत अंगण, परस आणि विहिरीकडची वाट नीट शोधायची असा बेत आहे.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. चुलत भावाचं म्हणणं, ही गुप्तधनाची हाव आहे. मला ते लागलं, कारण मला सोनं नको आहे. आजीच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा परसात कुठेतरी पडला आणि तो कधीच सापडला नाही, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. जुनी नाणी, बटणं, कड्या, एखादी साखळी, जे मिळेल ते हवंच आहे. पण मनात तो जुडगा आहे.

माझं मत सरळ आहे. हे अंगण आमच्याच लोकांनी शंभर वर्षं खणलं, उकरलं. नळाचे पाइप टाकले, आळी केली. तिथे पुरातत्त्व शिल्लक नाही, आमच्या माणसांच्या हातून पडलेल्या वस्तू आहेत. त्या आम्ही उचलल्या नाहीत तर यंत्र उचलेल. यात चूक काय?

थरावर_थर:

चूक शोधण्यात नाही, घाईत आहे. “तिथे पुरातत्त्व शिल्लक नाही” हे तुम्ही खणायच्या आधीच ठरवून टाकलंत.

१९९२ साली इंग्लंडमधल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्याने डिटेक्टर असलेल्या ओळखीच्या माणसाला, एरिक लॉजला, बोलावलं. हातोडीऐवजी आधी नाणी आणि चांदीचे चमचे वर आले. लॉज तिथेच थांबला. कळवायचं त्यांना कळवलं आणि उरलेलं जसंच्या तसं मातीत राहू दिलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं तेव्हा सुमारे १५ हजार रोमन नाणी निघाली. पण मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. हे सगळं लाकडी पेटीत कसं रचलं होतं, कशात गुंडाळलं होतं, हेही कळलं. लाकूड कुजून गेलं होतं, त्याची खूण मातीत राहिली होती. लॉजने फावड्याने ढीग उपसला असता तर नाणी तेवढीच मिळाली असती, पेटी मात्र कोणाला कधीच दिसली नसती.

तुमच्या अंगणात रोमन खजिना नसेल, कबूल. पण पुरून ठेवलेला डबा आणि हातून पडलेलं नाणं यांतला फरक पुरताना खणलेल्या जुन्या खड्ड्याच्या मातीतल्या कडेवर दिसतो, नाण्यावर दिसत नाही. ती कड तुम्ही पहिल्याच घावात कापून टाकाल.

(हातोडीही सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि ते मला फार आवडतं.)

रिकामी_पेटी:

परसदार, मी तुमच्या बाजूने आहे. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये एका जोडप्याला आपल्याच जमिनीवर कुत्र्याला फिरवताना मातीतून डोकावणारा गंजका डबा दिसला. आठ डबे, १,४२७ सोन्याची नाणी, १८४७ ते १८९४ या काळातली. त्यांनी स्वतः काढली. काही बिघडलं नाही.

थरावर_थर:

ते डबे कोणी पुरले हे आजतागायत समजलेलं नाही. उत्खननातून समजलं असतंच असं मी म्हणणार नाही. पण तेच उदाहरण “काही बिघडलं नाही” म्हणून देऊ नका.

सूर_ओळखा:

मी बरीच वर्षं डिटेक्टर चालवते. वादात शिरण्याआधी यंत्राबद्दल सांगते, कारण इथे दोन्ही बाजू यंत्राला जादू समजताहेत.

कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची टोकाची चकती, चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत प्रवाह निर्माण होतो, आणि त्याचा उलटा परिणाम यंत्र पकडतं. बस. धातू किती चांगला वाहक आहे, आकार साधारण केवढा, याचा अंदाज यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यात आणि सुरात मिळतो. सोन्याची बारीक अंगठी आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा तुकडा यांचा आकडा जवळपास सारखा येऊ शकतो. त्यामुळे कचरा खणावाच लागतो, त्याला पळवाट नाही.

साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत मिळते. त्याखालचं नाणं त्याला सहसा ऐकूच येत नाही. म्हणजे थरावर_थर यांना वाटतं तेवढा विध्वंस साध्या डिटेक्टरने होत नाही, कारण खालच्या थरांपर्यंत हाका पोहोचतच नाहीत. मोठी वस्तू मात्र जास्त खोलवरून बोलते, आणि तिच्या मागे लागून माणूस खाली खाली जातो. धोका तिथे आहे.

परसदार, आता तुमच्या किल्ल्या. जुन्या घराभोवती खिळे इतके असतात की नवशिके पहिल्याच दिवशी वैतागतात आणि यंत्राला सांगतात, लोखंड वगळ. किल्ल्या बहुधा लोखंडाच्या! म्हणजे तुम्ही जे शोधायला निघालात तेच गाळून टाकाल. लोखंड चालू ठेवा, लहान कॉइल लावा, आणि इतकं हळू चाला की बघणाऱ्याला कंटाळा यावा.

नाणी कुठे पडतात? उंबऱ्यासमोर, पायऱ्यांच्या कडेला, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, माणसं सावलीला बसायची त्या झाडाखाली. लोक अंगणाच्या मधोमध सुरुवात करतात. तिथे सहसा काही नसतं.

आणि आधी विजेची केबल, पाण्याची आणि गॅसची लाइन कुठून गेली आहे ते शोधा. हे गमतीत घेऊ नका.

सातबाऱ्यावरची_नावं:

मला थरांचं कळत नाही. मी नात्याचं बोलते. हे घर एकट्या परसदारांचं आहे का? चार पिढ्या म्हणजे वारस किती होतील मोजा. तुम्ही एकटे शनिवारी गेलात, चार नाणी घेऊन आलात, आणि फोटो नंतर दाखवलेत, तर चुलत भाऊ हाव म्हणणारच. त्याच्या मनात आज जे आहे ते उद्या सगळ्यांच्या मनात येईल. सापडलेल्या दोन कड्यांवरून बोलणं बंद झालेली घरं मी पाहिली आहेत.

कायदाही बघा. आपल्या जमिनीत सापडलं म्हणजे आपलं, असं अनेक देशांत नसतं. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ च्या खजिना कायद्यात (ट्रेझर अॅक्ट) बसणारी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कळवावी लागते. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधायला डिटेक्टर वापरायचा तर आधी परवानगी लागते. भारतात १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा आहे, आणि त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. घर ज्या देशात आहे तिथला नियम खणण्याआधी वाचा, नाणं हातात आल्यावर नाही.

परसदार:

सातबाऱ्यावरची_नावं, तुमचं बोलणं लागलं, पण मान्य आहे. मी भावाला बोलावणार आहे, आणि त्याला यायचं नसेल तर तारीख बदलणार.

थरावर_थर, तुमचं एक मला अजून पटत नाही. पाडकाम ठरलेलं आहे. कड कापली जाणारच आहे, माझ्या खुरप्याने नाही तर जेसीबीच्या दातांनी. मग हात बांधून बसण्यात कसला आदर आहे?

थरावर_थर:

बसू नका. हा मुद्दा तुमचा बरोबर आहे, पाडकामाचं मी पुरेसं लक्षात घेतलं नव्हतं. पण मग पूर्ण करा. अंगणाची दोरी लावून चौकटी पाडा. प्रत्येक वस्तूची जागा आणि खोली लिहा, खड्ड्यात असतानाच फोटो काढा. एका खड्ड्यात दोन-तीन वस्तू एकत्र लागल्या, किंवा राख, विटांची ओळ, मडक्याचे तुकडे दिसले, तर हात बाहेर काढा आणि जाणकाराला बोलवा. वीतभर खोलीच्या खाली तुम्ही जाऊ नये हे माझं मत कायम आहे. मोठा सिग्नल आला तरीही.

सूर_ओळखा:

वीतभराचं बंधन मला जाचक वाटतं. परसात पन्नास वर्षांत माती किती चढते ते घराघरावर आहे, पालापाचोळा आणि भराव पडत राहतात. पण दोन वस्तू एकत्र लागल्या की थांबायचं, हे सोळा आणे खरं.

हिरवा_गंज:

वस्तू वर आल्यावर काय करणार, हे कोणीच विचारलेलं नाही. मातीत शंभर वर्षं टिकलेली वस्तू तुमच्या टेबलावर एका वर्षात जाते.

नाणं घासू नका. लिंबू नको, चिंच नको, टूथपेस्ट नको, ब्रश नको. तांब्याच्या नाण्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवट थर त्याची कातडी असते आणि अक्षरं त्या थरात असतात. तो काढलात की हातात चकचकीत चकती राहते. मी स्वतः एक नाणं असं चकचकीत केलं. त्यावरची अक्षरं मला परत कधी वाचता येणार नाहीत, आणि याचं वाईट आजही वाटतं. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र तो वेगळा रोग आहे. क्लोराइड आणि दमट हवा मिळून धातू आतून खातात. असं नाणं कोरडं ठेवा, सिलिका जेलबरोबर, बाकीच्यांपासून वेगळं.

लोखंडाची गोष्ट याहून वाईट. किल्ल्या मिळाल्या आणि तुम्ही उन्हात वाळवल्या तर पापुद्रे सुटून दातेच गळून पडतील. आतल्या क्षारांमुळे असं होतं. ओल्या मातीसकट हवाबंद डब्यात ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा. ती तयारी नसेल तर माझं मत विरोधात आहे. खणू नका.

रिकामी_पेटी:

एवढे नियम लावले तर कोण शोधेल? लोक न सांगता खणतील आणि न सांगता विकतील. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून सापडलेल्या वस्तू स्वेच्छेने नोंदवण्याची योजना आहे. त्यात दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली, त्यातल्या बहुतेक सामान्य माणसांनी डिटेक्टरने शोधलेल्या. विश्वास ठेवला म्हणून ते झालं.

थरावर_थर:

नोंद केली म्हणून झालं. मी तेवढंच मागतो आहे.

सातबाऱ्यावरची_नावं:

परसदार, एक विचारते. त्या घरात राहिलेलं कोणी हयात आहे का? आजीच्या किल्ल्या परसात पडल्या हे तुम्हाला कोणी सांगितलं?

परसदार:

आत्या आहे, ८६ वर्षांची. काल तुमचा प्रश्न वाचून तिला फोन केला आणि दोन तास बोललो. मी आखलेल्या नकाशातली विहिरीची वाट चुकीची निघाली. ती वाट आम्ही लहान असताना पडली. आत्याच्या लहानपणी मागचं दार पूर्वेला होतं, आणि बायका आता जिथे न्हाणी बांधली आहे तिच्या कडेने विहिरीवर जायच्या. मी तिथे एक चौकटही धरली नव्हती.

किल्ल्यांचंही तिला आठवतं. तीन लोखंडी आणि एक पितळी, धान्याच्या कोठीची. पडल्या त्या दिवशी आजी रात्रीपर्यंत कंदील घेऊन शोधत होती म्हणे. आत्याला पुढच्या महिन्यात घरी नेणार आहे. ती खुर्चीवर बसून जागा दाखवेल, भाऊ चौकटी आखायला येतो म्हणाला आहे.

सूर_ओळखा, लोखंड आणि पितळ एकाच जुडग्यात असेल तर आकडा काय येईल?

सूर_ओळखा:

एक आकडा येणार नाही. तो उडत राहील. कॉइल एका दिशेने नेलीत तर खरखर ऐकू येईल, त्याच जागी काटकोनात फिरून परत नेलीत तर मधेच एखादा स्वच्छ सूर निघेल. नवशिके त्याला कचरा समजून पुढे जातात. न्हाणीच्या कडेला तसा सूर मिळाला तर पुढे जाऊ नका.