क्लेम नाकारला की चूक ग्राहकाचीच का?

मंजिरी_सातारा:
काल इथे एकाने लिहिलंय, "लोक आजार लपवतात, क्लेम नाकारला की ग्राहक कोर्टात रडतात, कोर्टंही भोळी, कंपन्यांनाच झोडपतात आणि प्रीमियम आपला वाढतो." वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझ्या सासऱ्यांचा बायपासचा क्लेम नाकारला, कारण काय तर बीपीची गोळी चालू असल्याचं सांगितलं नाही. फॉर्म एजंटने भरला, यांनी दाखवलं तिथे सही केली, बीपीचं कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि कोर्टं भोळी म्हणे! २०१५ ला एलआयसीच्या एका केसमध्ये माणसाने मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं पण गेला हार्ट अटॅकने, सुप्रीम कोर्टाने पैसे द्यायला लावले, कारण दोन्हीचा काही संबंधच नाही. २०२१ ला युनायटेड इंडिया या विमा कंपनीच्या केसमध्ये तर डायबेटिस कंपनीला आधीपासून माहीत होता, तरी अमेरिकेत अटॅक आल्यावर हात वर केले. कोर्ट म्हणालं, माहीत असून पॉलिसी दिलीत ना, मग आता मागे फिरता येणार नाही. यात भोळेपणा कुठे दिसला?

विमासल्लागार_मिरज:
ताई, सगळं खापर एजंटवर फोडू नका. मी समोर बसून एकेक प्रश्न वाचून दाखवतो, तेव्हा लोकच म्हणतात "शुगरचं नका लिहू, प्रीमियम वाढेल". आणि तुम्ही तुमच्या सोयीचे निकाल दिलेत. २०१९ ला रिलायन्स लाइफच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की सही तुमची तर मजकुराची जबाबदारी पण तुमची, एजंटने भरला हे चालणार नाही. २००९ ला न्यू इंडियाच्या केसमध्ये डायबेटिस आणि किडनीचा त्रास लपवला म्हणून मेडिक्लेम गेलाच. बीपी आणि हृदयाचा संबंध नाही असं कोणता डॉक्टर म्हणेल?

मंजिरी_सातारा:
लपवणं वेगळं आणि न विचारणं वेगळं. कमिशन घेताना तुम्ही घरचे, क्लेम आला की फोन उचलत नाही.

विमासल्लागार_मिरज:
मला ओळखत नसताना असं बोलू नका. लॉकडाऊनमध्ये मी स्वतः लोकांची कागदपत्रं घेऊन हॉस्पिटलांच्या दारात उभा राहिलोय.

वकील_नगर:
पॉलिसी किती जुनी आहे ते आधी सांगा. लोक विमा कायद्याच्या कलम ४५ चं नाव घेतात पण ते आयुर्विम्याला, तीन वर्षं झाली की पॉलिसीला आव्हानच देता येत नाही. मेडिक्लेमला ते नाही. तिथे ६० महिने सलग पॉलिसी चालू असेल तर माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तर गोष्ट वेगळी. आधी ही मुदत ८ वर्षांची होती, २०२४ ला कमी केली.

कळंबचा_शेतकरी:
तुमचा क्लेम कागद बघून तरी नाकारतात, आमचा पीक विम्याचा क्लेम घड्याळ बघून नाकारतात. २०२० च्या ऑक्टोबरात सोयाबीन पाण्यात, गंजी वाहून गेल्या आणि कंपनी म्हणते ७२ तासांत कळवलं नाही. लाईट नाही, रेंज नाही, बांधावर जायला रस्ता नाही, कळवायचं कुठून? २०२२ ला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने आमच्या जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांच्या आसपास शेतकऱ्यांना भरपाई द्यायला सांगितली, तरी कंपनी सुप्रीम कोर्टात गेलीच.

विमासल्लागार_मिरज:
दादा, मुदत नसेल तर नुकसान तपासायचं कसं? महिन्याने शेतात काय दिसणार?

कळंबचा_शेतकरी:
तलाठी, कृषी सहायक येऊन पंचनामे करून गेले होते, सरकारने त्यावर मदत वाटली. सरकारला दिसलेलं पाणी कंपनीला का दिसलं नाही? घरात बसून तपासाच्या गोष्टी सांगू नका.

वकील_नगर:
गाडी चोरीच्या केसमध्ये हाच मुद्दा होता. २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी ठरवलं की पोलिसात फिर्याद लगेच दिली असेल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावरून क्लेम नाकारता येणार नाही. मुदत खोटे दावे रोखायला असते, खरा दावा बुडवायला नाही.

पुणेकर_७८:
धागा मेडिक्लेमचा आहे. आणि एक रुपयात पीक विमा मिळाला तेव्हा बोगस अर्ज किती आले तेही सांगा की.

कळंबचा_शेतकरी:
बोगस अर्ज कुणी भरले ते शोधा आणि आत टाका, आम्ही अडवलंय का? शिक्षा मात्र आम्हाला. २०२५ च्या खरिपापासून एक रुपया गेला आणि स्थानिक आपत्तीची भरपाई पण काढली, आता फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे ठरावीक शेतांतलं पीक कापून मोजायचं, आणि महसूल मंडळाची, म्हणजे आसपासच्या गावांची मिळून सरासरी. माझ्या एकट्याच्या शेतावर गारा पडल्या तर कोर्टात जायला मुद्दासुद्धा उरला नाही. याला तुम्ही विमा म्हणता?

विमासल्लागार_मिरज:
हे मात्र चुकीचं झालंय. बाकी मुद्द्यांवर मी ठाम आहे.

मंजिरी_सातारा:
दादा, तुमचं दुखणं आमच्यापेक्षा मोठं आहे, पुण्याच्या साहेबांना काही वाटो. वकीलसाहेब, सासऱ्यांच्या पॉलिसीला ६० महिने व्हायला थोडेच बाकी होते. आता काय करायचं?

वकील_नगर:
मग मोरॅटोरियम, म्हणजे ती ६० महिन्यांची मुदत, विसरा, लढाई फॉर्मवरच होणार. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना सही केलेल्या त्या अर्जाची प्रत लेखी मागा. बीपीचा प्रश्न त्यात स्पष्ट विचारलेला नसेल तर तुमची बाजू भक्कम, विचारला असेल आणि "नाही" लिहिलेलं असेल तर मिरजकर म्हणतात ते जड जाईल, उगाच आशा लावत नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा, विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथे ऐकतात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंत चालतं आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक. पण कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत, आणि ग्राहक आयोगात केस आधी टाकू नका, मग लोकपाल हात लावत नाही.

विमासल्लागार_मिरज:
प्रत देत नसतील तर मला मेसेज करा. पत्राचा मसुदा मी लिहून देतो.