‘हमूला’ला भावकी म्हणू नये

मोडीवाचक
पॅलेस्टिनी खेड्यांबद्दल मराठीत लिहिताना ‘हमूला’ला, म्हणजे बापाकडून मोजलेल्या तिथल्या कुळाला, सरसकट ‘भावकी’ म्हणू नये, असं माझं मत आहे. भावकीत आपण सोयरीक करत नाही. हमूलात मात्र चुलत बहिणीशी लग्न उत्तम मानतात. मुलीवर पहिला हक्क चुलतभावाचा. तो नवरीला वरातीच्या घोडीवरूनही उतरवून घेऊ शकतो, अशी म्हणच आहे. नात्याच्या हाकाही बघा: आपल्याकडे सासरा ‘मामंजी’, तिकडे ‘अम्मी’, म्हणजे काका! अरबी शब्दच ठेवा.

खारीक
असहमत. लग्न हे हमूलाचं एकच काम नाही. खून झाला तर काय होतं ते बघा. मारेकऱ्याची माणसं मध्यस्थांच्या मंडळाकडे, ‘जाहा’कडे, धाव घेतात. जाहा मृताच्या घरी जाऊन ‘अत्वा’, म्हणजे ठरावीक मुदतीची शांतता मागते आणि त्यासाठी रक्कम देते. ती स्वीकारली नाही तर सूड मोकळा. मुदतीत भरपाई ठरते. मग ‘सुल्हा’च्या दिवशी हस्तांदोलन, उत्तरेकडच्या गॅलिली भागात पांढऱ्या निशाणाला गाठी, कडू कॉफी आणि एकत्र जेवण. भरपाईचा भार एकट्या मारेकऱ्यावर नसतो, त्याचे भाऊबंद वाटून घेतात. ही भावकी नाही तर काय?

दुर्बीण
लग्नाचा मुद्दा तरी आकड्यांवर टिकतो का? फिनलंडच्या मानववंशशास्त्रज्ञ हिल्मा ग्रानक्विस्ट यांनी १९२५ ते १९३१ या काळात बेथलेहेमजवळच्या आर्तास गावात काम केलं. म्हणींवर न थांबता त्यांनी वंशावळी मांडल्या आणि एकेक लग्न मोजलं, मेलेल्या बायकांचीसुद्धा. चुलत बहिणीशी झालेली लग्नं अल्पसंख्यच निघाली. कारणंही साधी: योग्य वयाची चुलत बहीण असावी लागते, आणि ‘बदल’ही चालतो. बदल म्हणजे आपल्या साटंलोट्यासारखं: दोघे एकमेकांच्या बहिणी करतात आणि ‘महर’ (वराकडून वधूपक्षाला मिळणारी रक्कम) परस्पर वळती होते. एक लग्न मोडलं की दुसऱ्यावरही संकट.

मोजताना फसायची खास जागा म्हणजे ‘बिंत अम्म’. शब्दशः काकाची मुलगी, पण हमूलातली कुठलीही मुलगी बिंत अम्म होऊ शकते. बायकोलाही आदरानं तसंच म्हणतात, ती नात्यातली नसली तरी. म्हणून ‘बायको कोण लागते?’ असं विचारून भागत नाही. तिचा बाप, त्याचा बाप, अशी नावं उतरवून दोन्ही वंशावळी कुठे मिळतात ते बघावं लागतं. नाहीतर आकडा फुगलाच म्हणून समजा.

मोडीवाचक
दुर्बीण, मान्य. पण लग्नं कमी झाली तरी बंदी नव्हती, उलट पसंती होती. आपल्या भावकीत बंदीच आहे. माझा मुद्दा तिथेच आहे.

कोनाडा
तुम्ही दोघं शब्दावर भांडताय, मला ‘हमूला’ या कप्प्याबद्दलच शंका आहे. १९४८ ते १९६६ इस्रायलमधली अरब गावं लष्करी प्रशासनाखाली होती आणि हमूलाचे प्रमुख हाताशी धरणं प्रशासनाला सोयीचं होतं. मानववंशशास्त्रज्ञ ॲबनर कोहेन यांनी १९६५ मध्ये हमूला पुन्हा बळावल्याचं मांडलं. १९७५ मध्ये त्याच क्षेत्रातल्या तलाल असद यांनी त्यावर आक्षेप घेतला: जमीन गेलेला शेतकरी मजूर कसा झाला आणि सत्ता कोणाची, हेच या मांडणीत झाकलं जातं. भावकी म्हणा की हमूला, तो प्रश्न तसाच उरतो.

खारीक
कोनाडा, सरकारनं वापरली म्हणून ती सरकारनं घडवली असं होत नाही. सुल्हा कुठल्या लष्करी प्रशासनानं शिकवली?

कोनाडा
घडवली असं मी म्हटलंच नाही, गोठवली म्हणतोय. ‘उनर्वा’ची, म्हणजे पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेची, निर्वासित नोंदणीच घ्या: पुढच्या पिढीकडे ती बापाकडून जाते. निर्वासित नसलेल्याशी लग्न केलेल्या निर्वासित बाईच्या मुलांना तिच्यामुळे ती मिळत नाही. दफ्तर असं भरलेलं असेल तर अभ्यासकाला पितृवंश दिसणारच, बायकांकडची नाती दिसतील कशी?